गाडी नका रंगवू, पार्ट रंगवा: गच्चीवर, बेताच्या पैशांत बाईकचा रंग

माझी स्प्लेंडर २०११ ची. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली उभी असते. खाडी जवळ, चार महिने पाऊस, वर हायवेची धूळ. टाकीच्या खालच्या कडेला रंगाचे फुगे आले, साईड पॅनेलचा काळा रंग राखाडी झाला, मागच्या टेलवर पोपडे निघायला लागले. गॅरेजमधल्या पेंटरने सगळ्या सेटचे साडेसात हजार सांगितले. विकायला काढली तर जेमतेम वीस हजार देईल अशा गाडीला साडेसात हजारांचा रंग लावायला मन होईना. म्हणून घरीच करायचं ठरवलं.

पहिल्या खेपेला सपशेल फसलो. दुसऱ्या खेपेला जमलं. आता गाडी दुरून नवी आणि जवळून बऱ्यापैकी दिसते. घरच्या रंगाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. दोन खेपांमधला फरक रंगाच्या डब्यात नव्हता, डबा हातात घेण्याआधीच्या कामात होता. आणि एक गोष्ट तेव्हाच कळली: मुंबईत आपल्याकडे गॅरेज नसतं, त्यामुळे अख्खी गाडी रंगवायच्या फंदात पडायचंच नाही. जे सुटतं ते सोडवायचं, गच्चीवर न्यायचं, रंगवून परत लावायचं. चेसिस आणि इंजिन जिथल्या तिथे.

१. आधी आरसी बघा

आरसी बुकावर किंवा स्मार्ट कार्डावर गाडीचा रंग छापलेला असतो. तोच रंग पुन्हा देणार असाल तर कुठेही जायची गरज नाही. काळ्याची लाल करायची असेल तर मोटर वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो गाडीतला बदल ठरतो, आणि आरटीओत नोंद करून आरसी दुरुस्त करून घ्यावी लागते. आमच्या भागाचं आरटीओ वडाळ्याला, एमएच ०३. ताडदेव ०१, अंधेरी ०२, बोरिवली ४७. अर्ज परिवहनच्या पोर्टलवरून सुरू होतो. हाताशी आरसी, चालू विमा, पीयूसी आणि ओळखपत्र ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्रही लागेल. रंग बदलल्याचं विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी कागदावर एक गाडी आणि समोर दुसरी अशी गंमत होते.

मिलिटरीसारखा ऑलिव्ह ग्रीन तर डोक्यातूनच काढून टाका. केंद्रीय मोटर वाहन नियमांत तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. त्यांना तो कितीही शोभत असला तरी आपल्याला चालत नाही.

माझा सल्ला विचाराल तर जुनाच रंग ठेवा. कागदाची कटकट वाचते हे एक. दुसरं म्हणजे काळ्यावर काळा देताना कोपऱ्यात कुठे कमी पडला तर दिसत नाही. काळ्यावर पिवळा देऊन बघा, चौथ्या हातानंतरही खालचा काळा डोकावत असतो.

२. महिना आणि वेळ

माझी पहिली फसगत इथे झाली. गणपती गेले, दोन दिवस ऊन पडलं, मला वाटलं पाऊस संपला. मुंबईतून मान्सून परतायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात, आणि मी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर डबा घेऊन उभा. पॅनेलवर काळा मारला, छान चमकला. दहा मिनिटांनी बघतो तर वर दुधाळ साय. पुसली तरी जाईना.

स्प्रेमधलं सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारं द्रावण, उडून जाताना पत्र्याची उष्णता घेऊन जातं. पत्रा थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तशी. ते पाणी ओल्या रंगात अडकतं आणि रंग पांढुरका दिसतो. दमट हवेत हे होणारच, डबा महागाचा असला तरी.

नोव्हेंबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चांगले. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा, एवढ्याच वेळात रंग मारायचा. त्याआधी गच्चीवर दंव असू शकतं, आणि दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो, त्याबरोबर धूळ आणि दमटपणा दोन्ही येतात. संक्रांतीच्या आसपासचे सुट्टीचे दिवस टाळा. गच्ची पतंगवाल्या पोरांच्या ताब्यात असते आणि ओल्या पॅनेलवर मांजा पडला की तुम्ही काय बोलाल ते मुलांनी ऐकण्यासारखं नसतं.

३. जागा आणि शेजारी

घरात स्प्रे मारायचा नाही. बाल्कनीत नाही, चाळीच्या गॅलरीत तर अजिबात नाही. डब्यातला गॅस आणि सॉल्व्हंट दोन्ही पेट घेतात. शेजारच्या दारात तिन्हीसांजेचा दिवा असतो, कुणाच्या तरी घरी कुकर चढलेला असतो. गच्चीच हवी.

सेक्रेटरींना आधी विचारा आणि जिन्यापाशी फळ्यावर दोन ओळी लिहा: अमुक रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा गच्चीवर रंगकाम आहे, कपडे वाळत घालू नयेत. हे मी पहिल्यांदा केलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीवर बारीक काळे ठिपके आले आणि मला नवी चादर आणून द्यावी लागली. हिशोबात ती धरलेली नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिजचा रिकामा खोका मागून आणा. तो आडवा ठेवून एक बाजू उघडी ठेवली की झालं तुमचं बूथ. खोक्याची पाठ वाऱ्याकडे करा. आत वरून बाइंडिंग वायर ओवून पार्ट टांगता येतात. खाली जमिनीवर पाणी शिंपडून ठेवा, धूळ बसून राहते.

४. सामान, आणि ते आणायचं कसं

घासायचे कागद, मास्क, हातमोजे, टेप यासाठी मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा. हार्डवेअरचा सगळा माल एका गल्लीत मिळतो आणि नाक्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्त पडतो. रविवारी जाऊ नका.

पण स्प्रेचे डबे आणि थिनर तिथून घेऊन लोकलमध्ये चढू नका. ज्वालाग्राही माल गाडीत नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये, चेंगराचेंगरीत, पिशवीतल्या डब्याचं बटण दाबलं गेलं तर काय होईल याचा विचार करा. डबे घराजवळच्या रंगाच्या दुकानातून घ्या.

मला आलेला खर्च असा. तुमच्याकडे थोडा इकडेतिकडे होईल.

- वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद, नंबर मोठा तितका बारीक, १७ शीट (२२०, ४०० आणि ६०० नंबरचे चार-चार, ८०० चे तीन, १५०० आणि २००० चा एकेक): ३४० रुपये
- पुट्टीचा छोटा डबा: ११०
- पत्र्याचा प्रायमर स्प्रे, एक: २८०
- प्लास्टिकचा प्रायमर स्प्रे, एक: ३८०
- ग्लॉस काळा स्प्रे, दोन: ५४०
- क्लिअर स्प्रे (रंगावरचा पारदर्शक थर), एक: ३००
- मास्किंग टेप दोन: ८०
- ब्राउन पेपर, बाइंडिंग वायर, हातमोजे: १२०
- रबिंग कंपाउंड: १३०
- कार्ट्रिजवाला मास्क: ६५०

एकूण २,९३० रुपये. टाकीचे ९०० वेगळे, ते पुढे येईल. म्हणजे ३,८३० रुपयांत काम झालं, साडेसात हजारांच्या जवळजवळ निम्म्यात. बदल्यात तीन रविवार गेले, ते तुमच्या हिशोबात कुठे धरायचे ते तुम्ही ठरवा.

पैसे वाचवायला मास्क वगळू नका. करोनात घेतलेला एन-९५ धूळ अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. दुकानदार दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग आणि त्यात मिसळून तो कडक करणारा हार्डनर गळ्यात मारायला बघेल, चमक जास्त येते म्हणून. चमक खरंच जास्त येते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं दुखणं लावू शकतं, आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारी वेगळी सोय लागते. घरच्या कामात ते नको.

५. सोडवणं

प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाईलवर फोटो. स्क्रू, वॉशर आणि रबरी गुट्ट्या वेगवेगळ्या छोट्या पिशव्यांत, वर चिठ्ठी. पुट्टी सुकायची वाट बघताना मी स्क्रूंची वाटी लाथेने उडवली होती, म्हणून सांगतो.

साईड पॅनेल हलक्या हाताने ओढा, त्यांच्या खुंट्या रबरात बसलेल्या असतात. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि खुंटी तुटली की रंग कितीही चांगला असो, पॅनेल खडखडत राहतं. रबरापाशी साबणाचं पाणी सोडलं की सहज सुटतं.

टाकीसाठी पेट्रोलचा कॉक बंद करा, पाईप काढा, पेट्रोलच्या काट्याची वायर असेल तर तिचा कपलर सोडवा, मागचा बोल्ट काढा आणि टाकी मागे ओढून उचला. आतलं पेट्रोल मित्राच्या गाडीत ओता, पाण्याच्या बाटल्यांत भरून घरात ठेवू नका. आणि रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी असं समजू नका. आत उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. झाकण लावून, कॉकचं भोक बंद करून, मोकळ्या हवेत ठेवायची. तिच्यावर ग्राइंडर चालवायचा नाही, जवळ विडी-काडी नाही.

दोन गोष्टींना हात लावू नका. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मोडून पडणाऱ्या लॉकने बसवलेली असते, एकदा काढली की तशीच परत बसत नाही. ती जागेवरच ब्राउन पेपरने झाका. आणि चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे घासायचं नाही, पुट्टी नाही, जाड रंगही नाही. तो नीट वाचता आला नाही तर गाडी नावावर करताना किंवा पासिंगला उभं राहून जे ऐकावं लागतं त्यापेक्षा तिथला जुना रंग बरा.

टाकी नसलेली गाडी रस्त्यावर उभी करत असाल तर ताडपत्री घाला. धूळ खाणारी अर्धी गाडी बघून महापालिकेची माणसं बेवारस वाहनाची नोटीस चिकटवून जातात.

६. घासणं

इथे घाई करायची असेल तर बाकी काहीच करू नका.

घासायच्याही आधी धुवायचं. आपल्याकडे जुन्या गाडीला चमक आणायचे नाना उपाय असतात. पॅनेलला खोबरेल तेल, पत्र्याला डिझेलचा बोळा, आणि सर्व्हिसिंगनंतर पोरं मारतात ते सिलिकॉनचं पॉलिश. हे सगळं जुन्या रंगाच्या भेगांत मुरलेलं असतं. त्यावर नवा रंग पडला की जागोजाग गोल खड्डे पडतात, रंग तिथून पळतो. पेंटर त्याला माशाचे डोळे म्हणतात. तेलकट पत्रा आधी घासला तर ते तेल कागदाने आणखी आत जातं. म्हणून भांड्याच्या साबणाने दोनदा धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ फडक्याने पुसा. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही.

प्लास्टिक थिनरने पुसू नका. एबीएस प्लास्टिक थिनरने विरघळतं, वरचा थर चिकट होऊन फडक्याला येतो. माझ्या टेलवर माझ्याच अंगठ्याचा ठसा कोरला गेला होता, तो काढायला दोन शीट लागल्या.

स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून कोपऱ्यातून सोलायचे. गोंद राहिला तर रॉकेलच्या बोळ्याने काढा आणि ती जागा पुन्हा साबणाने धुवा.

आता सगळ्यात मोठी चूक. नवखा माणूस कागद घेतो आणि सगळा जुना रंग खरवडून पत्रा उघडा करतो. मीही केलं होतं, दोन दिवस खांदे दुखले. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असतो. तो जिथे घट्ट आहे तिथे त्याच्यासारखा पाया तुम्हाला कुठल्याही डब्यात मिळणार नाही. फक्त सुटलेला, फुगलेला, गंजलेला भाग उघडा करायचा. बाकी ठिकाणी ६०० नंबरने पाणी लावून एवढंच घासायचं की चमक जाईल आणि सगळं एकसारखं मळकट दिसेल. चमकणारा ठिपका राहिला तर नवा रंग तिथूनच सुटणार.

जुना रंग कंपनीचा आहे की मधल्या मालकाने मारलेला, हे कळायला पत्र्याच्या पार्टवर, आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा अर्धा मिनिट ठेवा. रंग विरघळला किंवा सुरकुतला तर तो बाहेरचा. त्यावर स्प्रे मारला तर सुरकुत्या पडतील, तो काढावाच लागेल. पार्ट पत्र्याचा की प्लास्टिकचा अशी शंका असेल, आणि पुढच्या मडगार्डाबाबत ती येतेच, तर फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा.

उघडा पत्रा आणि जुना रंग यांच्यामध्ये पायरी असते. डोळ्याला दिसत नाही, रंग चढला की दिसते. ती २२० ने मोडायची, मग ४०० ने, मग ६०० ने. हातमोजा घालून, डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला कड लागली नाही की झालं. कागद नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या रेघा पडतात. लाकडी ठोकळा गोलाईवर बसत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे जुन्या हवाई चपलेचा कापलेला तुकडा. वाकतो, पाणी पीत नाही, आणि पैसे लागत नाहीत.

गंज राहू देऊ नका. गंजाच्या बारीक खड्ड्यात तपकिरी ठिपका उरला तर वर्षभरात त्याच जागी फुगा येतो.

७. पोचे आणि पुट्टी

बारीक ओरखडे भरायला डब्यातली एनसी पुट्टी, म्हणजे जुने पेंटर जिला लांबी म्हणतात ती, चालते. पातळ थर, अर्धा तास थांबा, दुसरा पातळ थर. एकदम जाड भरली तर वरून सुकते, आतून ओली राहते आणि महिन्याभराने खचते.

पोचा खोल असेल तर दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी घ्या. चमचाभर पुट्टीला हरभऱ्याएवढा हार्डनर. पाच-सात मिनिटांत दगड होते, उन्हात त्याहून लवकर, म्हणून एका वेळी थोडीच कालवा. हार्डनर जास्त घातला तर पुढे रंगातून डाग वर येतात. या पुट्टीला ओला कागद लावू नका, ती पाणी धरते. कोरडी घासायची, मास्क लावून.

माझ्या टाकीला गेटच्या खांबाचा पोचा होता. तो बुजवायला सबंध रविवार गेला, आणि आजही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिथे सावली पडते. मला माहीत आहे म्हणून दिसते, असं बायको म्हणते.

८. प्रायमर, त्याच दिवशी

उघडा केलेला पत्रा रात्रभर ठेवू नका. मी संध्याकाळी घासून टाकी गॅलरीत ठेवली, सकाळी तिच्यावर केशरी धूळ बसल्यासारखा गंज. खाडीची हवा, दुसरं काय. पुन्हा पहिल्यापासून घासणं आलं.

पत्र्याला पत्र्याचा प्रायमर, उघड्या प्लास्टिकला प्लास्टिकचा. पॅनेलच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची जात इंग्रजी अक्षरांत कोरलेली असते. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर प्लास्टिकच्या प्रायमरशिवाय रंग नखानेही सुटतो. जिथे कंपनीचा रंग घट्ट आहे त्या प्लास्टिकला हा महागडा डबा लागत नाही, तिथे साधा चालतो.

दोन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी ८०० ने पाणी लावून घासा. प्रायमर सुकला की त्यावर काळ्या स्प्रेचा दुरून नुसता धुरळा उडवा, मग घासा. उंच भागावरचा काळा लगेच निघतो, खड्ड्यातला राहतो. कुठे अजून पुट्टी हवी ते नकाशासारखं दिसतं. ही युक्ती मला गॅरेजच्या पेंटरने शिकवली, टाकीचं काम त्याला दिलं त्या दिवशी.

९. टाकी मात्र पेंटरकडे

पहिल्यांदा मी टाकीही घरीच रंगवली होती. स्प्रेचा साधा क्लिअर सुकतो, पण पेट्रोल पडलं की विरघळतो. पंपावर नोझल काढताना दोन थेंब ओघळले, मी फडकं शोधेपर्यंत झाकणाखाली तीन इंच लांब चिकट पट्टा. त्यावर दोन भागांचा क्लिअरच टिकतो, आणि तो घरी मारायचा नाही हे वर सांगितलंच.

म्हणून टाकीची मजुरी आपण करायची आणि शेवटचा हात त्याचा. आधी पेंटरशी बोला: सुटलेला जुना रंग काढून, पॉलिएस्टर पुट्टी भरून, ३२० नंबरने घासून आणून दिली तर किती घेशील? मला ९०० सांगितले. प्रायमर त्यालाच मारू द्या. आपल्या साध्या स्प्रेच्या प्रायमरवर त्याचा पीयू रंग बसला तर खालचा थर उचलून सुरकुत्या पडू शकतात, आणि मग दोष कुणाचा यावर वाद. घासून झाली की त्याच दिवशी नेऊन द्या, कारण वर सांगितला तो गंज.

दोन काळ्यांत किंचित फरक पडतो. टाकी आणि पॅनेल यांच्यामध्ये सीट आणि फ्रेम येते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. लाल गाडी असती तर हा सल्ला दिला नसता.

१०. रंगाचा हात

डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीचं, गॅसवर नाही. आतली गोळी सुटी होऊन वाजायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा. आधी पुठ्ठ्यावर मारून बघा.

पार्टपासून अंतर एक वीत. बटण पार्टच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत न्यायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचं. पार्टवर दाबलं किंवा थांबलं की तिथे ओघळ. मनगट वळवायचं नाही, अख्खा हात सरकला पाहिजे. पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढवायची. दर दोन पट्ट्यांनंतर नोझलचं तोंड पुसा, तिथे जमलेला थेंब बरोबर शेवटच्या हाताला उडतो.

पहिला हात इतका पातळ की खालचा प्रायमर दिसायला हवा. इथे धीर सुटतो, झाकून टाकावंसं वाटतं. टाकू नका. दहा-बारा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यात काळा भरून येतो. चौथा लागला तर. ओघळ आलाच तर बोट लावू नका, सुकू द्या, दुसऱ्या दिवशी ८०० ने घासून पुन्हा मारा. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला तर बहुधा हात लांब होता किंवा ऊन कडक होतं.

डब्यावर दोन हातांमधली वेळ छापलेली असते. काही रंगांना तासाभरात तरी मारा नाहीतर एक-दोन दिवस थांबा असं असतं. ते बारीक अक्षर वाचाच. मधल्या वेळेत मारलेला हात खालच्या अर्धवट सुकलेल्या रंगाला फुगवतो.

काम झालं की डबा उलटा धरून हवा येईपर्यंत मारा, नोझल साफ राहतं. संपलेले डबे भोक न पाडता वेगळ्या पिशवीत, घातक कचरा म्हणून सांगून द्या. ओल्यात टाकू नका आणि होळीत तर नकोच.

११. क्लिअर, थांबणं, जोडणं

नवे स्टिकर लावायचे असतील तर क्लिअरच्या आधी. साबणाच्या पाण्यावर सरकवून जागा पक्की करा, पाणी पूर्ण वाळू द्या, मग क्लिअरचे दोन-तीन हात.

तासाभरात हाताला लागत नाही म्हणून लगेच जोडायला बसू नका. आतला रंग मऊ असतो. पहिल्या खेपेला मी पॅनेल वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं, दोन दिवसांनी उघडलं तर छोट्या जाहिरातींचा मजकूर उलटा उमटलेला. आठ दिवस टांगून ठेवा, झाकायचं असेल तर खोक्याखाली, रंगाला काही टेकणार नाही असं. मग १५०० आणि २००० चा कागद पाण्यात साबणाचा थेंब टाकून हलका फिरवा, फक्त जिथे धुळीचे कण अडकलेत तिथे. कडांवर नको, तिथे क्लिअर पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा काळा हाताला येतो. त्यानंतर रबिंग कंपाउंड, जुन्या बनियनच्या तुकड्याने.

जोडताना जुनी रबरं बदला, दहा-वीस रुपयांची असतात. स्क्रू आधी सगळे अर्धे बसवा, मग आवळा. महिनाभर वॉटर सर्व्हिसिंगच्या प्रेशरखाली गाडी देऊ नका आणि वॅक्स लावू नका.

डब्यात तळाला थोडा काळा उरतोच. तो झाकणात मारून घ्या, औषधाच्या काचेच्या बाटलीत ओता, बूच घट्ट लावा. हायवेवर खडी उडून टवका गेला की काडेपेटीच्या काडीने एक थेंब ठेवायचा. माझ्या मडगार्डावर असे चार थेंब आहेत.